‘ढ’ ठरवण्याचा अधिकार

मराठी वर्णमालेतील एकच अक्षर असे आहे, की ज्याचा उपयोग माणसाला हिणवण्यासाठी होतो. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीत या अक्षराचे जे वळण दिसते ते आजच्या देवनागरीपर्यंत जवळजवळ तसेच टिकून राहिले. म्हणून कितीही शिकवले तरी ज्याच्यात फरक पडत नाही त्या विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणू लागले, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा कोणा कल्पक गुरुजींनी रचलेली असो, तिच्यातले गृहीत तपासण्याजोगे आहे. बदलायचे ते विद्यार्थ्याने. शिकवण्याची रीत बदलावी ही शक्यता त्या शब्दाच्या हिशेबातच नाही. आम्हांस या गृहीताशीच भांडायचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जे मूल वर्गातल्या रूढ रीतीने शिकत नाही त्याच्यासाठी रीत बदलणे हे शिक्षकाचे व्यावसायिक कौशल्य आहे. ती दया नव्हे, समाजसेवा नव्हे आणि ज्यादा कामही नव्हे. हे कौशल्य शिकवण्याचे काम आपल्याकडील शिक्षक-प्रशिक्षण करीत नाही. ते या विषयाची केवळ माहिती देते. आणि मराठी माध्यमाच्या, विशेषतः महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांपुरते बोलायचे तर, ती माहितीसुद्धा आपल्या भाषेच्या अडचणी ओळखत नाही. ‘मराठी शाळा वाचवा’ असे आपण उच्चरवाने म्हणतो, तेव्हा त्या शाळेत बसलेल्या कोणत्या मुलाला वाचता येत नाही, हा प्रश्न आपण विचारत नाही. आम्हांला वाटते, पहिल्या हाकेइतकाच दुसरा प्रश्नही निकडीचा आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर तक्रारीस फारशी जागा नाही. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ साली सुरू झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकार मान्य केले, पण अध्ययन अक्षमतेला त्यांत स्थान नव्हते. वाचन, लेखन वा गणित यांत विशिष्ट अडचण असलेले, एरवी चलाख असे मूल त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचे दार उघडून दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा तीत समावेश केला. या कायद्याचे सोळावे कलम तर म्हणते, की अशा अडचणी शक्य तितक्या लवकर ओळखाव्यात आणि त्यांवर मात करण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय योजावेत. ‘योग्य शैक्षणिक उपाय’ या तीन शब्दांत सगळे आले. प्रश्न एवढाच, की ते उपाय करायचे कोणी, आणि त्याला ते शिकवले कोणी?

याचे सरकारी उत्तर तयार आहे. २०१४ च्या नियमांनुसार बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात समावेशक शाळेविषयी एक स्वतंत्र अभ्यासविषय आला. २०१९ साली ‘निष्ठा’ हा देशव्यापी प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यातही समावेशक शिक्षणाचा घटक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा घातली. २०२२ साली मुलांमधील अडचणींची प्राथमिक चाचपणी शिक्षकांनी करावी म्हणून ‘प्रशस्त’ नावाची तपासणी-सूची आणि तिचे मोबाईल उपयोजन आले. कागदावर पाहणाऱ्यास वाटेल, की आता उणे काय राहिले?

उणे राहिले ते हे, की यांपैकी बहुतेक गोष्टी शिक्षकाला अडचणीचे नाव सांगतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजता चौथीच्या वर्गात काय करायचे, ते सांगत नाहीत. बी. एड. च्या त्या विषयात कायद्यांच्या तारखा पाठ होतात, अक्षमतेचे प्रकार पाठ होतात, एकात्मिक आणि समावेशक शिक्षणातील फरकाचे पाच मुद्दे पाठ होतात आणि उत्तरपत्रिकेत उतरतात. सराव पाठ मात्र पूर्वीसारखेच. पाठाचे टाचण एका ठरावीक नमुन्यात, प्रस्तावना ठरावीक, प्रश्न ठरावीक, आणि निरीक्षकांनी यायच्या दिवशी उत्तरे देणारी मुले पुढच्या बाकांवर! ज्याला काही समजले नाही असे मूल त्या सबंध सोहळ्यात अडथळा असते. सराव पाठाचे गुण ते मूल समजले की नाही यावर कधी अवलंबून नसतात. ते गप्प बसले की नाही यावर असतात.

सेवेतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाची कथा याहून वेगळी नाही. एका सभागृहात पहिलीच्या बाई, सातवीचे गणिताचे सर आणि दहावीला इतिहास शिकवणारे मुख्याध्यापक एकत्र बसवले जातात. नुकता रुजू झालेला शिक्षक आणि तीस वर्षे खडू झिजवलेला शिक्षक, दोघांपुढे तेच पडद्यावरचे मुद्दे, त्याच वेगाने, त्याच शब्दांत ठेवले जातात. प्रत्येक मूल वेगळ्या रीतीने शिकते हे शिक्षकांना सर्वांसाठी एकाच रीतीने शिकवले जाते! ज्याला हे समजले नाही त्याचे पुढे काय करायचे, याची सोय त्या वर्गात नसते. प्रशिक्षणाने स्वतःच्याच उपदेशाचा असा पराभव करावा, यापरते दुर्दैव कोणते? नंतर हजेरीपटावर सही होते, प्रमाणपत्र मिळते, आणि शिक्षक ‘प्रशिक्षित’ म्हणून मोजला जातो. ऑनलाइन आवृत्तीत तर हजेरीपटाचीही गरज उरत नाही.

याच सुमारास दुसरीकडे एक वेगळाच प्रवास झाला. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, भाषेच्या अशुद्धतेकडे काणाडोळा, काही विषयांत पर्याय. ही सुरुवात स्तुत्यच होती आणि तिने पुष्कळ मुलांचे आयुष्य सावरले, यात आम्हांस शंका नाही. परंतु तिचा क्रम पाहावा. मुलाला वर्षानुवर्षे नेहमीच्याच रीतीने शिकवायचे, ते शिकले नाही की तपासणीस पाठवायचे, प्रमाणपत्र आणायचे आणि दहावीच्या परीक्षेत थोडा जास्त वेळ द्यायचा. म्हणजे बदल झाला तो परीक्षेच्या दालनात. वर्गाचा उंबरा त्याने ओलांडला नाही. आधी कळस मग पाया, ही म्हण आपण देवळांविषयी वापरतो. ती शाळांना अधिक लागू पडते. प्रमाणपत्र हे मुलाला शिकवण्याचे साधन नव्हे. ते फार तर न शिकवल्याची भरपाई होऊ शकते.

आणि हे सर्व ज्या महाराष्ट्रीय समाजात घडते त्याच समाजाकडे याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीपासून आहे, हे पाहिले म्हणजे खेद अधिकच वाटतो. मारिया मॉन्टेसरी यांचे नाव आपल्या बालवाड्यांच्या पाट्यांवर मिरवते. त्यांनी आपली पद्धती कोठे घडवली हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह काढले, त्याआधी त्या मतिमंद ठरवलेल्या मुलांना शिकवत होत्या. स्पर्शाने अक्षर ओळखणे, हाताने वस्तू हाताळत संख्येपर्यंत जाणे, कठीण कृतीचे लहान लहान टप्पे पाडणे ही सगळी साधने त्या मुलांसाठी, इतार आणि सेगँ या फ्रेंच पूर्वसूरींच्या वाटेने जात, त्यांनी सिद्ध केली. त्यांतली काही मुले सामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा लोकांनी त्यांचे कौतुक केले. मॉन्टेसरींना मात्र प्रश्न पडला, की मग निरोगी, सुखी मुलांना त्यांच्या शाळा इतक्या खालच्या पायरीवर का ठेवतात? ज्याला अशक्य मानले त्याला शिकवताना सापडलेली रीत सर्वांच्या उपयोगी पडली. शिकवण्याच्या कलेत जे जे मोलाचे आहे त्यातले पुष्कळसे असेच, अडलेल्या मुलाच्या पायाशी बसून मिळालेले आहे.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तेथे १९२३ साली गेल्या, आणि पुढे दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. परंतु ताराबाईंचे खरे मोठेपण त्यानंतरचे. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आणि शहरी बालमंदिराचे महागडे साहित्य तेथे चालणार नाही हे दिसताच त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने हेच साहित्य केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा अंगणात नेली. पुढे कोसबादला वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे आढळले, तेव्हा कुरणशाळा काढली. म्हणजे शाळाच कुरणावर नेली. ‘मूल शाळेला जुळत नसेल, तर शाळेने मुलाला जुळवून घ्यावे’ हे तत्त्व आज परदेशी परिषदांच्या ठरावांतून भाषांतरित होऊन आपल्यापर्यंत येते. ते ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि डोंगरात दोन मराठी बायकांनी करून दाखवले होते, आणि मुख्य म्हणजे, बालसेविकांना ते मुलांमध्ये राहून शिकवले होते. त्यांचे प्रशिक्षण सभागृहात झाले नाही. आज त्यांची नावे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत येतात, तीही एका गुणाच्या प्रश्नासाठी.

आता आपल्या भाषेकडे वळू. कारण या पत्रिकेच्या वाचकांचा तोच प्रांत आहे. वाचनाच्या अडचणींविषयी जे प्रशिक्षण-साहित्य हाती येते त्यात उदाहरणे बहुधा इंग्रजीची असतात. मूल ‘बी’च्या जागी ‘डी’ लिहिते, शब्द उलटा वाचते, इत्यादी. मराठी पहिलीच्या बाईंनी या ज्ञानाचे काय करावे? देवनागरीत वाचणाऱ्या मुलाचे अडखळणे वेगळ्या जागी असते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. ‘र’ हे एकच व्यंजन ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसते, ‘चक्र’मध्ये पायाशी जाते, ‘राष्ट्र’मध्ये निराळेच रूप घेते आणि ‘दुसऱ्या’मध्ये अर्धचंद्रासारखे मध्येच लटकते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात एका गाठीचे वा रेषेचे अंतर. ‘चाक’ आणि ‘चार’ यांत अक्षर तेच, काना तोच, पण ‘च’चा उच्चार दोन ठिकाणी दोन; ‘जात’ आणि ‘जातो’ यांतल्या ‘ज’चेही तेच. सराईत वाचकाला हे जाणवतही नाही. जे मूल ध्वनी आणि खूण यांचे नाते मोठ्या कष्टाने जुळवत असते त्याला मात्र यांतली प्रत्येक गोष्ट सुटी करून, क्रमाने, पुन्हा पुन्हा आणि डोळा-कान-हात या तिन्ही वाटांनी शिकवावी लागते. हे शिकवायचे कसे, हे प्रशिक्षणात कोण सांगणार?

आणि शुद्धलेखन! साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली. ते चौदा होते, १९७२ साली चारांची भर पडून अठरा झाले. त्यांची गरज आम्ही नाकारत नाही. परंतु मराठी बोलण्यात इकार-उकाराच्या ऱ्हस्वदीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही. ‘मूल’ दीर्घ आणि ‘मुलाला’ ऱ्हस्व, ‘वीट’ दीर्घ आणि ‘विटेला’ ऱ्हस्व, हे कानाला सांगून कळणारे नव्हे, तो लेखनाचा संकेत आहे. जे मूल ‘मूलाला’ लिहिते ते एका अर्थी सुसंगतच वागत असते. त्याने शिकलेले ‘मूल’ तसेच ठेवून पुढे प्रत्यय लावला. त्याच्या वहीत लाल शाईचा फराटा ओढणारा शिक्षक, आणि शुद्धलेखन म्हणजे संस्कार, अशुद्धलेखन म्हणजे बेपर्वाई असे समजणारा सुशिक्षित मराठी वाचक, हे दोघे मिळून त्या मुलाला भाषेबाहेर काढतात. मग आपण विचारतो, की नव्या पिढीला मराठी वाचावेसे का वाटत नाही!

अशी अडचण दूर करण्याचा प्रयत्न झाला, तर आपण काय करतो, याचे उदाहरण २०१९ सालचे आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेचाळीस’च्या जोडीने ‘चाळीस तीन’ अशी संख्यावाचनाची सोपी रीत देण्यात आली. कारण स्पष्ट होते. मराठीत आपण एकक आधी म्हणतो आणि दशक आधी लिहितो. ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिणारे मूल हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे परोपरीने समजावून सांगितले. तरी भाषा बुडाली म्हणून ओरड झाली, विनोद झाले, विधानसभेतही थट्टा झाली. त्या गदारोळात एक साधा प्रश्न हरवला, की ज्या मुलाला ३४ आणि ४३ यांचा घोटाळा होतो त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरा कोणता उपाय आहे? रूढ संख्यानामे कोणी मोडीत काढली नव्हती; एक जादा पायरी बांधली होती. ज्यांना पायरीची गरज नव्हती त्यांनी ती अपमानास्पद ठरवली.

बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या वाचकांना यातला आणखी एक पदर सहज ध्यानात येईल. कानडीत ४३ ला ‘नलवत्तमूरू’ म्हणतात, म्हणजे आधी चाळीस, मग तीन. तेलुगूतही क्रम तोच. बाजारात एक क्रम ऐकणारे आणि वर्गात दुसरा क्रम म्हणणारे मूल चुकले, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. सीमाभागात, हैदराबादेत, गोव्यात मराठी शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी असते. कोणाची कोकणी, कोणाची कानडी, कोणाची लमाणी, कोणाची दोन भाषांच्या सरमिसळीची. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांत आली आहे, त्यामुळे मराठी शाळेतल्या लहान मुलाला दोन लिपी जवळजवळ एकाच वयात हाताळाव्या लागतात. दोन भाषा शिकणे मुलांना अपायकारक नाही, उलट हितावहच आहे. परंतु एखादे मूल अडले, तर ते भाषा नवी असल्यामुळे अडले, की वाचनाच्या मूलभूत अडचणीमुळे, हे ओळखण्याचे कौशल्य शिक्षकापाशी हवे. पहिल्या प्रकारच्या मुलाला ऐकण्या-बोलण्याचा भरपूर सराव हवा. दुसऱ्याला ध्वनी आणि अक्षरांची क्रमबद्ध शिकवण. हे दोघे एकाच शेऱ्याखाली, ‘अभ्यासात कच्चा’ म्हणून, मागच्या बाकावर बसवले जातात.

विशेष म्हणजे हे ओळखण्याचे एक साधन उपलब्ध आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-अक्षमता तपासण्यासाठी भारतीय भाषांतील चाचण्यांचा एक संच सिद्ध केला. ‘डाली’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात हिंदी आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड याही भाषा आहेत. म्हणजे सीमाभागातील मुलाच्या दोन्ही भाषा! या भागातील किती प्रशिक्षण वर्गांत हा संच शिक्षकांच्या हाती ठेवला गेला, हे वाचकांनी आपापल्या गावच्या शिक्षकांना विचारून पाहावे.

येथे कोणी म्हणेल, की वर्गात चाळीस-पन्नास मुले असताना हे सर्व करायचे कसे? आक्षेप खोटा नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तो जेथे नाही तेथे शासनाशी भांडलेच पाहिजे. परंतु पाठात फेरफार करणे म्हणजे प्रत्येक मुलासाठी वेगळा पाठ घेणे, हा समज मुळात चुकीचा आहे. ४३ मधून १८ वजा करायचे उदाहरण घ्या. ज्या मुलाने उत्तर ३५ लिहिले त्याने आठांतून तीन वजा केले. तीनांतून आठ जात नाहीत, म्हणून त्याने अंक उलटवले. त्याला ‘नीट लक्ष दे’ म्हणून काय होणार? त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या द्या. अठरा काढून दाखव म्हणा. गठ्ठा सोडल्यावाचून त्याचे चालणार नाही, आणि सोडला की ‘हातचा’ म्हणजे काय ते त्याच्या बोटांना कळेल. हे साहित्य सर्व वर्गाला द्यावे. ज्यांना गरज नाही ती मुले दोन मिनिटांत काड्या बाजूला ठेवून वहीत उतरतील. ज्याला आहे तो आठवडाभर वापरील. त्याचप्रमाणे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण कमी ऐकू येणारे मूल ओठ पाहत असते. सूचना एका वेळी एक द्यावी. फळ्यावर अक्षर ठळक आणि ओळी सुट्या असाव्यात. कवितेचे आकलन तपासायचे असेल, तर ज्याला लिहिणे जड जाते त्याला तोंडी उत्तर देऊ द्यावे. उताऱ्याचे प्रकट वाचन अचानक न सांगता आदल्या दिवशी सांगावे. यांत पैसा नाही, यंत्र नाही. सराव मात्र आहे, आणि तोच प्रशिक्षणातून गळला आहे.

दुसरा आक्षेप असा, की अशा मुलांसाठी विशेष शिक्षक आणि विशेष शाळा आहेत, सर्वसाधारण शिक्षकाने त्यात का पडावे? विशेष शिक्षक हवेतच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली अशा दहा मुलांमागे प्राथमिक स्तरावर आणि पंधरांमागे पुढच्या स्तरावर एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. परंतु तालुक्याचा साधनव्यक्ती फेरी मारून जातो. मूल मात्र रोज पाच-सहा तास आपल्याच वर्गशिक्षकापाशी असते. त्या शिक्षकाच्या हातात कौशल्य नसेल, तर विशेष शिक्षकाचा सल्ला पालथ्या घड्यावरचे पाणी ठरेल. शिवाय ज्या अडचणींविषयी आम्ही बोलत आहोत त्यांतल्या बहुसंख्य मुलांना वेगळी शाळा नको आहे, वेगळा पाठही नको आहे. त्याच पाठात आणखी एक दार हवे आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा. एकाला तोंडी उत्तराची मुभा दिली, तर इतरांवर अन्याय नाही का? चष्मा लावणाऱ्या मुलामुळे न लावणाऱ्यावर अन्याय होतो, असे कोणी म्हणत नाही. इतिहासाच्या प्रश्नात इतिहास तपासायचा असतो. लेखणीचा वेग तपासायचा असेल, तर तसे प्रश्नपत्रिकेवर लिहावे.

यावर आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, अध्यापक महाविद्यालयांना. सराव पाठांपैकी काही पाठ ‘दुसरे’ असावेत. म्हणजे विद्यार्थी-शिक्षकाने पहिल्या पाठात ज्या मुलांना घटक समजला नाही ती मुले शोधावीत, का समजला नाही ते त्यांच्या वह्यांवरून लिहून काढावे, आणि तोच घटक त्यांना वेगळ्या रीतीने शिकवावा. गुण या दुसऱ्या पाठाला द्यावेत. दुसरी, सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या आयोजकांना. एका विषयाचे पाच दिवस एकत्र उरकण्यापेक्षा एक दिवस शिकावे, महिनाभर वर्गात करून पाहावे, मुलांच्या वह्या घेऊन पुन्हा एकत्र यावे. आणि पहिलीच्या शिक्षकांना दहावीच्या शिक्षकांपासून वेगळे बसवावे. तिसरी, महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांतील शिक्षण खात्यांना. मराठी शाळेतल्या शिक्षकाला वाचन-लेखनाच्या अडचणींचे प्रशिक्षण मराठी उदाहरणांनिशी मिळाले पाहिजे. कन्नड, हिंदी वा गुजरातीतून मिळालेले तत्त्वज्ञान त्याला समजेल, पण ‘र’च्या चार रूपांपाशी त्याला कोणी मदत करणार नाही.

चौथी मागणी साहित्यसंस्थांना, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, पणजी येथील मराठी मंडळी भाषेसाठी पदरमोड करतात, व्याख्यानमाला चालवतात, हस्ताक्षर आणि शुद्धलेखनाच्या स्पर्धा भरवतात. ज्याला लिहिता येते त्याला बक्षीस देणे सोपे असते. यांच्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, उत्तम वाचणारे आवाज आहेत, भाषेचे जाणकार आहेत. त्यांनी पाठ्यपुस्तकांतले धडे ध्वनिमुद्रित करून शाळांना द्यावेत, म्हणजे डोळ्यांनी न वाचणारे मूल कानांनी वाचील. जोडाक्षरांच्या चढत्या क्रमाने लिहिलेली, मोठ्या टंकातली, वयाला शोभेल अशा आशयाची गोष्टींची पुस्तके काढावीत. नऊ वर्षांच्या मुलाला ‘कमल नमन कर’ वाचायला देणे हा त्याचा अपमान आहे, आणि जोडाक्षरांवाचून चांगली गोष्ट लिहिणे हे कोणाही लेखकाच्या प्रतिभेला आव्हान आहे. परीक्षेच्या काळात लेखनिक पुरवावेत. शुद्धलेखनाच्या स्पर्धेबरोबर गोष्ट तोंडी सांगण्याची स्पर्धा ठेवावी. मराठी आधी शेकडो वर्षे ओव्यांतून आणि कीर्तनांतून कानांनीच जगली आहे, याचा विसर साहित्यिकांना पडू नये.

मराठी शाळेची पटसंख्या घटते याचे दुःख आम्हांसही आहे. इंग्रजीचे आकर्षण, राज्यांची धोरणे, पालकांची स्वप्ने ही कारणे खरी आहेत, आणि त्यांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु चौथीपर्यंत मराठी शाळेत बसूनही वाचायला न शिकलेले मूल जेव्हा शाळा सोडते तेव्हा ते कोणत्याही सरकारने हिरावून नेलेले नसते. ते आपल्या हातून, आपल्या वर्गातून, आपल्याच भाषेत सुटलेले असते. त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. आणि त्या शिक्षकाला काहीही न शिकवता प्रमाणपत्र देऊन मोकळे होण्याचा अधिकार प्रशिक्षण देणाऱ्यांनाही नाही.